तांबडीच्या कार्डावरच्या तारखा

तांबडीच्या पोटातलं वासरू वाचलं, धाकटी बाराच्या आत दवाखान्यात पोहोचली, आणि थोरला दीर जन्मात पहिल्यांदा तिच्याशी सरळ तोंडावर बोलला. झालं. एवढंच.

पण त्या घरात जाऊन कुणालाही विचारा, असं काही घडलंच नाही, असं सांगतील. थोरला तर म्हणतो की त्या दिवशी तो घरी नव्हताच, आणि गोठ्यात ज्याला लोकांनी पाहिलं तो दुसराच कुणीतरी असणार. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. काहीही घडलेलं नाही. मंगळवारची सकाळ आहे, साडेआठ वाजलेत, आठ दिवस पावसाची रिपरिप चालू आहे आणि धाकटी गोठ्यात शेण ओढते आहे.

गोठ्यात सात गायी. प्रत्येकीच्या डोक्यावर खांबाला खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला कार्ड. पिवळं, जाड पुठ्ठ्याचं, दूध डेअरीने दिलेलं. वर गायीचं नाव, वय, रोजचं दूध. खाली रकाने: माजावर आल्याची तारीख, रेतन केल्याची तारीख, शेरा. सातही कार्डांवरचं अक्षर धाकटीचं. दूध तीच काढायची, वैरण तीच टाकायची, कुठली गाय कधी हंबरते आणि कुठली कधी खाणं सोडते हे तिलाच ठाऊक. थोरला गोठ्याचा कारभारी होता, म्हणजे दारात उभा राहून कार्डं वाचायचा.

आज कार्डांच्या ओळीत एक खिळा रिकामा होता. तांबडीचा.

धाकटीच्या हातातलं फावडं जागीच थांबलं. तिने खाली पाहिलं, गव्हाणीत पाहिलं, तांबडीच्या तोंडातसुद्धा पाहिलं. तांबडी पुठ्ठा खाणाऱ्यातली नव्हती, पण या घरात कुणाचा काय नेम.

आता हे कार्ड एवढं महत्त्वाचं का, ते सांगायला हवं.

दीड वर्षापासून धाकटीच्या पाळीचा ताळमेळ उरला नव्हता. कधी पंधराव्या दिवशी हजर, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की आठ दिवस हलायचं नाव नाही. डोक्यावरचे केस गळत होते आणि हनुवटीवर दोन-तीन नवे उगवले होते. जणू आपसात जागा बदलून घेतली. दुपारी बारालाच अंगातलं बळ संपायचं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता, त्यामुळे सासू तिच्याकडे बघताना आधी पोटाकडे बघायची आणि मग तोंडाकडे. नवऱ्याला तिने सांगितलं होतं. तो दुधाचा टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "होईल बरं," आणि कूस बदलली. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

शेवटी गावात फिरणाऱ्या नर्सबाईने तिला आरोग्य केंद्रात धाडलं. तिथे तीन महिन्यांतून एका मंगळवारी शहरातून बायकांच्या डॉक्टर यायच्या. दहा ते बारा, बाराला गाडी परत. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मागच्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा?"

धाकटी म्हणाली, "एकदा कांदे काढत होतो तेव्हा. एकदा तांबडी लंगडत होती तेव्हा. मधली नीट आठवत नाही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कांद्यावरून मला औषध देता येणार नाही. लिहून आणा. कधी आली, किती दिवस, काय काय त्रास झाला. अंदाज नको."

लिहायचं कशावर, यातच धाकटीचा महिना गेला. घरात कॅलेंडर एकच, ते ओसरीवर, आणि त्यावर थोरला दुधाचे लिटर मांडायचा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आधी त्या कॅलेंडरसमोर उभा राहायचा. वही आणली तर सासू विचारणार, कशाला. तेवढ्यात तांबडीला कृत्रिम रेतन झालं. गाय गाभण राहिली की तिच्या कार्डाला वेत होईपर्यंत कुणी हात लावत नाही. धाकटीला तांबडी गाभण असल्याची खात्री होती; खाणं, चालणं, डोळे, सगळं तेच सांगत होतं. मग त्या रिकाम्या रकान्यांचा उपयोग करायला काय हरकत होती. माजावर आल्याची तारीख, हा रकाना तर अगदी तिच्यासाठीच छापल्यासारखा. शेऱ्यालाही भरपूर जागा. गायीसाठी एवढी जागा ठेवणारा माणूस कुणीतरी समजूतदार असणार.

तीन महिन्यांपूर्वीचा मंगळवार गव्हाच्या मळणीत गेला. आज पुन्हा मंगळवार होता. पाच महिने झाले होते, कार्डावर पाच तारखा जमल्या होत्या, आणि खिळा रिकामा होता.

ओसरीवरून थोरल्याचा आवाज आला.

"आई, धाकटीला म्हणावं, गोठा जरा धुऊन घे. गुरांचे नवे डॉक्टर येतायत. तांबडीचं बघायला."

थोरला धाकटीशी थेट बोलत नसे. काही वैर नव्हतं, लाजाळू होता. आई जवळ असली तर आईमार्फत बोलायचा, नसली तर एखाद्या गायीमार्फत.

"तांबडीचं काय बघायचंय?" धाकटीने सासूला विचारलं.

"तांबडी उलटते म्हणे," सासू गोठ्याच्या दाराशी तांदूळ निवडत म्हणाली. "रेतन करून पाच महिने झाले आणि पाचदा माजावर आली. कार्डावर लिहिलंय. तूच लिहिलंयस ना?"

धाकटीच्या पायाखालचं शेण थोडं सरकलं. म्हणजे तीच सरकली.

"कार्ड कुठंय?"

"थोरल्याच्या खिशात. काल काढून घेतलं त्याने. रात्री जेवला नाही धड. गाय जाते म्हणाला हातची."

साडेनऊला जीप आली. चिखलातून डुलत डुलत आली आणि उंबऱ्याशी रुतली. जुन्या डॉक्टरांची बदली होऊन चार महिने झाले होते, तोवर तांबडीला हात लावून बघायला कुणी आलंच नव्हतं. नवे डॉक्टर तरुण होते, बारीक, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि उजवा हात गळ्यात बांधलेला.

"पलीकडच्या वस्तीवर म्हशीने दाबला," ते म्हणाले. "हाड सांधायला तीन आठवडे लागतील. तोपर्यंत आत हात घालून तपासणी बंद. मी रेकॉर्डवर चालतो. रेकॉर्ड आहे ना?"

"आहे की." थोरल्याने खिशातून कार्ड काढलं. घडी पडली होती. धाकटीचा हात आपोआप पुढे झाला.

"आई, मी स्वच्छ कागदावर उतरवून देते," ती म्हणाली. "त्यावर डाग पडलेत."

"नको, नको," डॉक्टर म्हणाले. "मला मूळच हवं. उतरवलं की चुका होतात." त्यांनी डाव्या हाताने कार्ड धरलं, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचं तोंड उजळलं. "वा. हे कुणी लिहिलंय?"

थोरल्याने मान किंचित तिच्याकडे वळवली.

"अकरा गावं आहेत माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले, "इतकं नीट रेकॉर्ड एकाही गोठ्यात नाही. लोक लिहितात 'ठीक', 'बरी', 'खाते'. इथे बघा. पहिली तारीख, मग सतराव्या दिवशी दुसरी, मग बावन्न दिवसांनी, मग चौदा, मग एकोणचाळीस. चित्र किती स्वच्छ आहे. अंडाशयात गाठी असणार. हार्मोनचा घोळ."

धाकटी बादलीच्या कडीला धरून उभी राहिली. दीड वर्ष तिला जे कुणी सांगितलं नव्हतं ते या माणसाने दीड मिनिटात सांगितलं होतं. फक्त गायीला.

"बरं होतं का हो ते?" तिने विचारलं. बादलीकडे बघत विचारलं.

"न व्हायला काय झालं. वेळेत लक्ष दिलं तर. लोक वेळ घालवतात, मग म्हणतात जनावरच खराब." डॉक्टर कार्ड उलटं-सुलटं करत होते. "शेरेसुद्धा आहेत. वाचतो हां. 'आठ दिवस. जास्त.'"

"जास्त काय?" थोरल्याने विचारलं.

"तेवढंच लिहिलंय. पुढे: 'चक्कर. बादली सांडली.'"

"लाथ मारली असेल," थोरला म्हणाला.

"'केस गळतात.'" डॉक्टरांनी तांबडीच्या पाठीवर हात फिरवला. तांबडी तुकतुकीत होती. "इथे तर दिसत नाही. ऋतूप्रमाणे असेल. पुढे: 'उगाच रडू येतं.'"

सगळ्यांनी तांबडीकडे पाहिलं. तांबडी रवंथ करत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःखाची एकही खूण नव्हती.

"गायीला येतं का रडू?" थोरला म्हणाला.

"डोळ्यांतून पाणी येत असेल. त्याला लोक रडणं म्हणतात." डॉक्टरांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "शेवटचा शेरा जरा वेगळा आहे. 'आईंचं बोलणं सहन होत नाही.'"

आता सासूचे तांदळातले हात थांबले.

"कुणाची आई?" डॉक्टरांनी विचारलं.

थोरल्याने विचार केला. तो प्रामाणिक माणूस होता. प्रश्न आला की उत्तर शोधायचा. "तांबडीची आई ती कोपऱ्यातली म्हातारी. शेवटची. दोघींचं पटत नाही तसं. म्हातारी हिच्या गव्हाणीत तोंड घालते."

"मग दोघींना लांब बांधा. ताणाचाही परिणाम होतो या सगळ्यावर, लोकांना वाटतं नाही होत." डॉक्टरांनी कार्ड स्वतःच्या पिशवीत टाकलं. "हे मी घेऊन जातो. वरिष्ठांना दाखवायला केस चांगली आहे."

सासू सुनेकडे बघत होती, आणि या वेळी आधी तोंडाकडे बघत होती. धाकटीला ते जाणवलं. तिने मान वर केली नाही. घड्याळ ओसरीवर होतं. तिथून दहाचे ठोके ऐकू आले. आरोग्य केंद्र चार किलोमीटर, चिखलातून तासभर. कार्ड पिशवीत. पिशवी डॉक्टरांच्या खांद्यावर.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मला वाटतं तांबडी गाभण आहे."

डॉक्टर हसले. "बाई, तुमचंच रेकॉर्ड तुम्हाला खोटं पाडतंय. पाच वेळा माज लिहिलाय तुम्ही."

"लिहिण्यात चूक असेल."

"एवढं बारकाईने लिहिणारीची चूक? नाही. मी मान्य करणार नाही." आणि त्यांनी डाव्या हाताने पेटी उघडून एक छोटी बाटली काढली. "हे इंजेक्शन दिलं की दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येईल. फक्त एक खबरदारी असते. पोटात असेल तर पडतं. म्हणून तर मी तारखा आधी विचारतो. इथे तो प्रश्नच नाही. सुई भरायला जरा कुणीतरी मदत करा, एका हाताने जमत नाही."

थोरला पुढे झाला. बाटली धरली. सुई आत गेली, दट्ट्या मागे सरकला, पाणी वर चढलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तांबडीने शेपूट हलवली आणि धाकटीकडे मान वळवली, कारण रोज या वेळेला धाकटी तिला पेंड द्यायची. तिला वाटलं पेंडच येते आहे.

हिला धाकटीने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ते असो. पण धाकटीच्या डोक्यात तेव्हा माया वगैरे काही नव्हती, हे सांगायला हवं. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. गप्प राहिलं तर वासरू जाईल आणि कार्डही जाईल. बोललं तर वासरू राहील, आणि थोरल्यासमोर, सासूसमोर, एका परक्या माणसासमोर तिच्या आठ-आठ दिवसांची चर्चा होईल. आणि सासूला मग कारण मिळेल. चार वर्षं शोधत होती ते.

डॉक्टरांनी सुई वर धरून हवा काढली. एक थेंब उडाला.

"त्या तारखा माझ्या आहेत," धाकटी म्हणाली.

"हो ना, अक्षर तुमचं, ते कळलं."

"अक्षर नाही. तारखा. माझ्या. माझ्या पाळीच्या."

बाहेर जीपच्या ड्रायव्हरने चाकाखाली दगड टाकला. तेवढा आवाज झाला. डॉक्टरांची सुई हवेतच राहिली. थोरल्याने बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं. वर-खाली वाचलं, मग मागची बाजू वाचली, मागच्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं, तीही वाचली.

"चक्कर मला येते," धाकटी पुढे म्हणाली. सुरुवात झाल्यावर थांबणं तिला जमेना. "केस माझे गळतात. बादली मी सांडली. तांबडी पाच महिन्यांत एकदाही माजावर आलेली नाही. तिला सुई लावू नका. आणि ते कार्ड मला द्या, बारा वाजेपर्यंत दवाखान्यात दाखवायचंय."

"आणि शेवटचा शेरा?" सासूने विचारलं.

धाकटीने खाली वाकून तांबडीपुढे पेंड टाकली.

थोरल्याने बाटली खाली ठेवली. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग तांबडीकडे, पण या निरोपाला दोघींपैकी कुणीच चालण्यासारखं नव्हतं. शेवटी तो थेट धाकटीकडे वळला. कान लाल झालेले.

"मग कार्डावर कशाला लिहिलं?"

"घरात माझं कार्ड कुठं आहे?"

थोरल्याने खांबांवरची कार्डं ओळीने पाहिली. तो प्रामाणिक माणूस होता. शोधलं, पण नव्हतं.

"हे बघा," डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, "तुम्ही म्हणता ते असेल. पण मला खात्री हवी. उद्या गाय खरंच रिकामी निघाली तर तक्रार माझ्यावर. आत हात घालून बघावं लागेल आणि माझा हात तर..." त्यांनी गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, मग थोरल्याच्या हाताकडे. थोरल्याचा हात म्हणजे नुसतं खोरं. मग धाकटीच्या हाताकडे.

"मी सांगतो, तुम्ही करा," ते म्हणाले.

खांद्यापर्यंतचा मोजा चढवला, तेल लावलं, आणि धाकटी तांबडीच्या मागे उभी राहिली. थोरल्याने शेपूट धरली आणि तोंड भिंतीकडे केलं, का ते कुणाला कळलं नाही; गायीच्या बाबतीत त्याने असं कधी केलं नव्हतं.

"सावकाश. मनगट गेलं? आता कोपर. तळहात खाली. मऊ पिशवीसारखं काही लागतं?"

"लागतं. लांब आहे. खाली ओढल्यासारखं."

"रिकामी असती तर जवळ लागली असती," डॉक्टरांचा आवाज बदलला. "तिच्यावर हात फिरवा. गुळगुळीत आहे का?"

धाकटीने डोळे मिटले. आत ऊब होती. बाहेरचा चिखल, पाऊस, सासूची नजर, काहीच तिथे पोहोचत नव्हतं. "नाही. गोटे आहेत. बोराएवढे, काही मोठे. बरेच."

"आता बाजूच्या भिंतीला बोटं लावा. एक शीर असते. दाबू नका, नुसती धरा. काय होतंय?"

डॉक्टरांनी दोनदा "बाई" म्हणून हाक मारली.

"थरथरतंय," ती म्हणाली. "नळातून पाणी जोरात जातं ना, वरून हात ठेवल्यावर लागतं, तसं."

डॉक्टरांनी भरलेली सुई उलटी केली आणि पाणी गटारात सोडून दिलं. "चार-पाच महिन्यांची गाभण," ते म्हणाले. मग पिशवीतलं कार्ड काढून गव्हाणीच्या कडेवर ठेवलं आणि स्वतःशीच म्हणाले, "रेकॉर्ड मात्र सुंदर होतं."

थोरल्याने शेपूट सोडली आणि भिंतीशीच उभा राहिला.

धाकटी हात धूत होती तेव्हा सासू जवळ आली. सुपातले तांदूळ तसेच. धाकटीने मन घट्ट केलं. आता येणार ते वाक्य तिने चार वर्षांत शंभर वेळा मनातल्या मनात ऐकलं होतं.

"डॉक्टरीण ते बंद झालेल्या बायकांचंही बघते का?" सासूने विचारलं.

"काय?"

"तीन वर्षं झाली माझं बंद होऊन. रात्री-बेरात्री अंगातून आगीचे लोळ उठतात. घाम फुटतो, छाती धडधडते. वाटेल त्याच्यावर खेकसते मी." थोडं थांबून ती म्हणाली, "तुझ्यावर जास्त. तू जवळ असतेस ना. थोरल्याला वाटतं माझा स्वभावच तसा आहे."

"मलाही तसंच वाटायचं," धाकटी म्हणाली.

"स्वभावही आहे," सासू म्हणाली. "सगळाच काही हार्मोनचा दोष नाही. चल, लुगडं बदलू दे."

पण वेळ कुठे होता. साडेदहा होऊन गेले होते, टेम्पो दूध घेऊन गेलेला, आणि गावातून त्या बाजूला जाणारं वाहन म्हणजे रुतलेली जीप. सासू तशीच निघाली. थोरल्याने चाकाखाली गोणपाट घातलं, खांदा लावला. ड्रायव्हर गाडी पेटवतो, चाक फिरतं, चिखल थोरल्याच्या तोंडावर, जीप तिथेच. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी थोरल्याने पाणी प्यायची पितळी घागर चाकाखाली घातली. घागर चपटी झाली, जीप निघाली. त्या घागरीबद्दल त्याने पुढे कधी चकार शब्द काढला नाही, कारण काही घडलंच नव्हतं.

मागच्या बाकावर सासू आणि सून, आणि दोघींच्या मध्ये रेतनाच्या नळ्यांची थंड टाकी, झाकणातून धूर निघणारी. "सांडू देऊ नका," डॉक्टर पुढून म्हणाले. "त्यात सहा उत्तम वळूंचा माल आहे." सासूने टाकीला दोन्ही हातांनी धरलं आणि चार किलोमीटर देवाचं नाव घेतलं.

बाराला दहा कमी असताना त्या पोहोचल्या. डॉक्टरबाई पिशवी आवरत होत्या. धाकटीने कार्ड पुढे केलं. डॉक्टरबाईंनी ते वरून वाचायला घेतलं, कारण कागद वरून वाचायची त्यांना सवय होती.

"नाव तांबडी?"

"नाही. ते गायीचं."

"वय साडेतीन वर्षं. रोजचं दूध अकरा लिटर." डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खाली तुमच्या तारखा?"

"हो."

त्या वाचत गेल्या. दोनदा वाचलं. पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणाला, "मॅडम, बारा." त्या म्हणाल्या, "वाजू दे."

मग त्यांनी वजन घेतलं, रक्तदाब घेतला, पापणी खाली ओढून बघितली, हनुवटीचे केस बघितले आणि त्यावर काही विनोद केला नाही. म्हणाल्या, "अंगात रक्त कमी आहे, ते दिसतंच आहे. थायरॉइडची तपासणी करायची आणि पोटाची सोनोग्राफी. अंडाशयाचा प्रश्न वाटतो, पण मी कार्डावरून इंजेक्शन देत नाही. तपासण्या झाल्या की औषध ठरवू. तोवर लोहाच्या गोळ्या. झोप पुरी हवी. आणि सकाळी उपाशीपोटी सात गायींचं दूध काढायचं नाही, आधी काहीतरी खायचं. मूल हवं असेल तर त्याचंही बघता येतं. यातल्या बऱ्याच जणींना होतं. आणि नवऱ्यालाही घेऊन या, त्याचीही तपासणी लागते."

"त्याची कशाला?" सासूने विचारलं.

"गोठ्यात फक्त गायीचीच तपासणी होते का? वळूची होत नाही?"

सासूने सहा वळूंच्या टाकीचा विचार केला. मग तिचीही पाळी आली, म्हणजे नंबर. आत काय बोलणं झालं ते धाकटीला कळलं नाही. पण पाऊण तासाने बाहेर आली तेव्हा डॉक्टरबाई दारापर्यंत सोडायला आल्या होत्या.

कार्ड डेअरीला परत करावं लागलं. कार्ड मालकीचं डेअरीचं, त्यावर तसं छापलंच होतं. डेअरीने तांबडीचं नवं कार्ड दिलं आणि जुन्यावर तांबड्या शाईने 'अयोग्य नोंदी, रद्द' असा शिक्का मारून कपाटात ठेवलं. तपासण्यांची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली. नर्सबाई म्हणाली, तोवर लिहीत राहा. कशावर, ते ती म्हणाली नाही.

त्यावर दोघी सासू-सुनांनी ओसरीवर बसून, थोरल्याकडून एक कोरा कागद मागून घेऊन, अर्ज लिहिला. थोरल्याने कागद दिला आणि लगेच शेतावर काम आठवलं.

"प्रति, माननीय अध्यक्ष, दूध उत्पादक संस्था.

विषय: कार्डं मिळण्याबाबत.

महोदय, खाली सह्या करणाऱ्या अर्जदार आपल्या संस्थेच्या सभासदाच्या घरातील बायका असून त्यांची आजवर कोणत्याही रकान्यात नोंद झालेली नाही. आपल्याकडून प्रत्येक गायीमागे एक कार्ड मिळते. त्याच धर्तीवर घरातील प्रत्येक बाईमागे एक कार्ड, खिळा व सुतळीसह मिळावे. रकाने पुढीलप्रमाणे असावेत: आल्याची तारीख, किती दिवस, त्रास, आणि ज्यांचे बंद झाले आहे त्यांच्यासाठी वेगळा रकाना. शेऱ्याची जागा दुप्पट ठेवावी. गाय आजारी असल्याचा फोन केल्यास आपले डॉक्टर एका दिवसात दाराशी येतात. बाईसाठी तेवढी घाई नको, पण तीन महिने हा काळ कमी करता आल्यास पाहावे.

सदर विषय आपल्या कक्षेत येत नाही याची अर्जदारांना कल्पना आहे. तो कुणाच्या कक्षेत येतो हे कळवल्यास तिकडे अर्ज करू.

अर्जाचा निर्णय होईपर्यंत अर्जदार क्रमांक एक यांची पाळी व अर्जदार क्रमांक दोन यांचा घाम रोखून धरणे शक्य नसल्याने, निर्णय चालू महिन्यातच व्हावा, ही नम्र विनंती."